पडदा बदलायचा कुणी?

पाण्याचा निळा कॅन कुहीसारख्या तालुक्याच्या गावालाही आता नवा राहिलेला नाही. लग्नाच्या मांडवात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका बसतात त्या सातऱ्यावरही तो दिसतो. पूर्वी पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देत. आता यजमान आवर्जून सांगतो, 'घ्या, आरोचं आहे.' या दोन अक्षरांवर माणसं किती विश्वास टाकतात, हे पाहिलं की मला बँकेतल्या मुदत ठेवींची आठवण येते. पावती हातात आली की कुणी पुन्हा चौकशी करत नाही.

कुही तालुक्यात पाण्याची खरं तर वाण नसावी. आंभोऱ्याला वैनगंगेच्या काठी पाच नद्यांचा संगम मानतात. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पलीकडे गोसीखुर्द धरण. राजीव गांधींनी १९८८ साली त्याची पायाभरणी केली आणि पुढे या तालुक्यातल्या कित्येक गावांना त्याच्या पाण्यासाठी आपली घरं सोडावी लागली. पण नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन निघालेली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि हे सारं त्याच जलाशयात येतं. नदीवर भरवसा राहिला नाही, म्हणून लोक बोअरकडे वळले. काही ठिकाणी बोअरचं पाणी इतकं जड लागलं की डाळ शिजेना. मग यंत्र आलं.

नव्वदीच्या आसपास बँकेच्या नोकरीत मी या भागात काही वर्षं काढली. विहिरीवरचा पंप, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांसाठी कर्जाचे अर्ज यायचे. गिरणीचा अर्ज करणाऱ्याला मी एक प्रश्न हमखास विचारत असे : दगडांना टाकी किती दिवसांनी लावावी लागते? तो लगेच उत्तर देई, कारण दगड झिजतो हे त्याने आईच्या जात्यावर पाहिलेलं असे. जो भाग झिजतो, त्याचा हिशेब धंद्यात धरावाच लागतो. आमच्या भाषेत त्याला घसारा म्हणत.

पाण्याच्या यंत्रातही असा एक झिजणारा भाग आहे. तो म्हणजे आतला पडदा. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांना पाणी सुटतं. दोन्हीकडे पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे सालीतून वाट काढतं. यंत्र हाच खेळ उलटा करतं. पंपाने खाऱ्या पाण्यावर जोर दिला की पाणी पडद्यातून पार होतं आणि बरेचसे क्षार अलीकडे राहतात. हा पडदा एका भोकं असलेल्या नळीभोवती थरावर थर गुंडाळलेला असतो, अगदी सुरळीच्या वडीसारखा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी १९६० च्या सुमारास असा उपयोगी पडदा पहिल्यांदा बनवला. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या लहानशा गावाला त्या पद्धतीचं पाणी मिळू लागलं.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका गावी गेलो असताना पडदे बदलण्याचं काम पाहायला मिळालं. कुणी एका दात्याने दिलेलं ते यंत्र बचत गटाच्या बायका चालवतात. कॅन भरायला दुप्पट वेळ लागू लागला, म्हणून त्यांनी उमरेडहून कारागीर बोलावला होता. त्याने खिशातलं पेनासारखं मीटर काढलं आणि आधी बोअरचं पाणी तपासलं, मग यंत्राचं. बोअरच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १,४०० मिलिग्रॅम क्षार निघाले. यंत्र नवं असताना बाहेरचा आकडा ८० च्या आत असायचा, तो ६४० वर गेला होता. कारागिराने नळकांड्याचं झाकण उघडून जुना पडदा ओढून काढला. तो ओल्या पोत्यासारखा जड झाला होता आणि त्याच्या तोंडाशी चुन्याचे पांढरे पापुद्रे धरले होते. क्षार बसू नयेत म्हणून जे औषध थेंबथेंब सोडावं लागतं, त्याची बाटली कधीपासून रिकामी होती हे कुणालाच सांगता येईना.

"काकू, हे औषध कोन टाकत होतं?" त्याने विचारलं.

"कोनीच नाही, बाबू. मशीन देनाऱ्यायनं रिबन कापली, फोटो काढला अन् गेले. आत पडदा राह्यते, तो बदलावा लागते, हे आमाले कोनी सांगतलंच नाही. पानी तं सफाच दिसत होतं."

सारी गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. पंप बंद पडला की गावाला कळतं. पडदा मात्र गाजावाजा न करता निकामी होतो. नळाला पाणी येत राहतं, ते काचेसारखं दिसतं आणि आई ते निर्धास्तपणे लेकराच्या पेल्यात ओतते.

बदलण्याचं काम तसं दोन तासांचं. पण त्याचेही नियम आहेत. पडदा पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेनेच बसवायचा. रबरी कड्यांना ग्लिसरीन लावायचं, घरातलं तेल किंवा ग्रीस नाही. नवा पडदा टिकावा म्हणून रसायनात भिजवून आलेला असतो, त्यामुळे पहिलं तासाभराचं पाणी फेकून द्यायचं. बोअरमध्ये क्लोरिन टाकत असाल तर कोळशाची गाळणी वेळेवर बदलायची, कारण आजकालच्या पडद्याला क्लोरिन सोसत नाही. नीट राखला तर असा मोठा पडदा तीन ते पाच वर्षं चालतो. हेळसांड केली तर वर्षभरातही हात टेकतो.

इंग्लंडमध्ये खिडक्या धुणारे व्यावसायिक हीच यंत्रं गाडीत घालून हिंडतात. पाण्यातले क्षार जवळजवळ शून्यावर आणले की काच पुसावी लागत नाही. वाळल्यावर डाग राहत नाहीत. मीटरवरचा आकडा चढू लागला की ते पडद्याकडे लक्ष देतात, कारण काचेवर ठिपके राहिले की गिऱ्हाईक तक्रार करतं. काचेवरचा डाग लगेच दिसतो. पोटात गेलेला क्षार दिसत नाही, म्हणून आपल्याकडे तक्रारही होत नाही.

पैशाचा प्रश्न उरतो, तर जुन्या सवयीने हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत. रोज २०० कॅन भरले आणि कॅनमागे ५० पैसे वेगळे काढले, तर दिवसाचे १०० रुपये होतात, वर्षाचे ३६,५०० आणि तीन वर्षांचे १,०९,५००. ताशी हजार लिटरच्या यंत्रात चार इंची चार पडदे लागतात असं धरू. एकाला १५,००० रुपये पडले तरी ६०,००० होतात. म्हणजे पडदे, गाळण्या आणि औषध एवढं सारं त्या ५० पैशांत भागतं. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले पाहिजेत, एवढंच. एरवी ते सणावाराला किंवा वीजबिलाला खर्च होतात आणि पडद्याच्या वेळी घरोघरी वर्गणी मागत फिरावं लागतं. त्या गावातही तसंच झालं. वर्गणी गोळा व्हायला तीन आठवडे लागले आणि तोवर गाव तेच पाणी प्यायलं.

शहरातल्या वाचकांनाही यात घेण्यासारखं आहे. मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं. जंतू किंवा फ्लोराइड त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावं लागतं. शिवाय हे यंत्र प्रत्येक घराला लागतंच असंही नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी पिण्यास चांगलं मानलं जातं, आणि अशा पाण्यासाठी ही यंत्रं वापरू नयेत असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. कारण घरगुती यंत्रात एक पेला पाणी मिळवताना पुष्कळदा दोन-तीन पेले मोरीत जातात. ते निदान फरशी पुसायला तरी धरून ठेवावं. गावच्या यंत्राचं खारं पाणी तर परत विहिरीजवळच जिरवलं, तर आपणच आपली विहीर खारी करतो.

या साऱ्याचं मूळ वरच्या अंगाला, शहरात आहे, हे विसरून चालणार नाही. नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या १,९२५ कोटींहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. ती नदी स्वच्छ होईल तेव्हा होईल. तोवर कुहीच्या गावांना यंत्रावर विसंबावं लागणार, आणि यंत्र पडद्यावर विसंबून राहणार.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. यंत्र देणाऱ्यांनी सोबत दोनशे पानी वही द्यावी. तिच्यात रोज तीन गोष्टी लिहाव्यात : बोअरचा आकडा, यंत्राचा आकडा आणि औषध टाकलं की नाही. शेवटच्या पानावर पडदा बसवल्याची तारीख असावी. त्या बचत गटाने आता तशी वही घातली आहे. एका नववीतल्या मुलीकडे ते काम आहे आणि ती आकडे मोठ्याने वाचून मगच लिहिते. रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायकांनाही आता हे दोन्ही आकडे तोंडपाठ झाले आहेत.