‘गेट आउट ऑफ हिअर’ ऐकून मी कॉल कट केला!

आज आपण इंग्रजीत लोकांना हाकलायला शिकणार आहोत. म्हणजे निदान आपल्याला कोणी हाकलतंय का, हे ओळखायला.

किस्सा माझाच. नोकरीचं पहिलं वर्ष, अमेरिकन क्लायंटसोबत कॉल. मी सांगितलं, दोन दिवसांचा बग दोन तासांत फिक्स झाला. तिकडून आवाज, “गेट आउट ऑफ हिअर!” मी घाबरून “सॉरी सर” म्हटलं आणि कॉल कट. नंतर मॅनेजर हसत म्हणाले, “अरे, तो खूश झाला होता!”

कारण ‘गेट आउट ऑफ हिअर’चे अर्थ दोन. एक, चालता हो. दुसरा, काय सांगतोस! आणि मराठीतही हेच आहे की. मित्राने थाप मारली की आपण म्हणतोच, “चल, जा रे!” तो उठून जातो का? नाही ना.

मग ओळखायचं कसं? माझी ट्रिक सोपी आहे. तुम्ही बातमी दिली असेल, तर ते बहुतेक आश्चर्य. तुम्ही काही मागत असाल किंवा त्रास देत असाल, तर मात्र निघा!

आता काही फसवे नमुने. ‘टेक अ हाइक’ म्हणजे ट्रेकचं आमंत्रण नाही. ‘गो फ्लाय अ काइट’चा संक्रांतीशी संबंध नाही. हे दोन्ही अमेरिकन. ब्रिटिश लोक म्हणतील ‘हॉप इट’, ‘स्लिंग युअर हुक’ किंवा ‘ऑन युअर बाइक’. सगळ्यांचा अर्थ एकच: फूट इथून! ‘बझ ऑफ’ चिडून म्हणतात, पण शिवी नाही. ‘पिस ऑफ’ मात्र शिवीच, ऑफिसात चुकूनही नको.

शब्दशः अर्थ लावायला गेलात की फसलात. आपलं “चल, हवा येऊ दे” इंग्रजीत शब्दशः सांगून बघा, समोरचा खिडकी उघडेल!

आणि कामात असताना कोणाला खरंच टाळायचं असेल तर? यातलं काहीच वापरू नका. सरळ म्हणा, “आय ॲम इन द मिडल ऑफ समथिंग, कॅन वी टॉक लेटर?” माणूस जातो, नातं राहतं.

तुम्ही असे कधी फसलात का? व्हॉइस नोट नक्की पाठवा. चला, आता पळा! प्रेमाने म्हणतोय हं.