टायर : किंमत आणि किफायत

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर व सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. तेथे मोटारीस ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असल्याने टायरचा कस लागतो. सिंदखेडराजा तालुक्यात १ जुलै २०२३ रोजी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र त्यास दुजोरा मिळाला नाही. टायरचा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही.

हवा कमी असलेला टायर सतत वाकतो, तापतो व अखेर फाटतो. मग तो कितीही महाग असो. नामांकित टायरचा लाभ मुख्यत्वे ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना जाणवतो. तुलना नगावर नव्हे, किलोमीटरवर करावी. समजा, ३,००० रुपयांचा टायर ३०,००० किलोमीटर आणि ४,५०० रुपयांचा ४५,००० किलोमीटर चालला, तर खर्च सारखाच पडतो. तालुक्यापुरत्या फिरतीस आयएसआय चिन्हाचा स्वस्त टायर पुरेसा ठरतो. मात्र तो दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला नसावा. बाजूवरील चार अंक त्याचे वय सांगतात : ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली, की स्वस्त असो वा महाग, टायर बदलावाच लागतो.