आठवड्याची वाटणी

रविवारी ‘साप्ताहिकी’ लागली की आई भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर पेन्सिल घेऊन उभी राहायची. तारखांच्या चौकोनांत दुधाचा हिशेब आधीच मांडलेला असे. उरलेल्या जागेत ती बारीक अक्षरात लिहायची : ‘छायागीत’, ‘सिनेमा’, एखाद्या वारी नुसतं ‘गजरा’. पडद्यावरची निवेदिका पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगत जाई, मधूनमधून त्यातले तुकडे दिसत, आणि तेवढा वेळ घरात कुणी बोललेलं आईला खपत नसे. त्या त्या दिवसाचे कार्यक्रम सकाळच्या वर्तमानपत्रात यायचे, पण अख्खा आठवडा सलग समोर मांडला जायचा तो इथेच. मग ती ठरवायची : गुरुवारी भाकऱ्या लवकर टाकायच्या, शनिवारी पाहुण्यांना बोलवायचं नाही.

आमचं घर पुण्यातल्या वाड्यात होतं. आम्हाला दिसायचं ते मुंबईचं दूरदर्शन, सिंहगडावरून येणारं. आता मी गुरुग्रामला राहतो आणि आई माझ्याकडे असते. टीव्हीत काही शे चॅनेल आहेत. तरी संध्याकाळी ती विचारते, “आज काय आहे रे?” हा प्रश्न एका संस्थेनं तिला शिकवला आहे. ती संस्था म्हणजे मुंबई केंद्राचा आठवडा.

दूरचित्रवाणीची सुरुवात मात्र मी आज राहतो त्याच परिसरात झाली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत देशातलं पहिलं दूरचित्रवाणी प्रक्षेपण झालं. आकाशवाणी भवनात तात्पुरता स्टुडिओ उभारला होता. युनेस्कोनं २० हजार डॉलर आणि फिलिप्सचे १८० संच दिले होते. ट्रान्समीटरचा पल्ला दिल्लीभोवती ४० किलोमीटरचा. आकाशवाणी भवनापासून जुनं गुडगाव, म्हणजे आजचं गुरुग्राम, तीसेक किलोमीटरवर, त्या पहिल्या वर्तुळाच्या आतच. कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस असत, आणि ते पाहायला टेलिक्लब काढलेले होते. लोक जमून एका संचासमोर बसायचे. विषय आरोग्याचे, रस्त्यावर कसं चालावं याचे, नागरिकांच्या हक्कांचे आणि कर्तव्यांचे. मराठी वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी : या नव्या माध्यमासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पु. ल. देशपांडे यांनी.

दिल्लीत रोजचं प्रक्षेपण १९६५ साली सुरू झालं. २६ जानेवारी १९६७ पासून ‘कृषि दर्शन’ लागलं. विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं झालेल्या त्या प्रयोगासाठी दिल्लीच्या आसपासची ८० गावं निवडली होती. गव्हाच्या नव्या जाती शेतात येत होत्या, आणि त्या कशा पेराव्यात, पाणी कधी द्यावं, हे शेतकऱ्याला चावडीवरच्या पडद्यावर दिसत होतं. माझ्या बाल्कनीतून आज उंच इमारती दिसतात. तिथे गहू उभा होता तेव्हा या भागातल्या शेतकऱ्यासाठी आठवड्यातला ठरलेला वेळ राखून ठेवला गेला होता. हे मला फार मोठं वाटतं.

मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, देशातलं दुसरं. वरळीला सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. बरोबर वर्षभरानं, २ ऑक्टोबर १९७३ ला, पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सगळा घाट, म्हणून चित्र आधी गडावर चढवावं लागलं आणि तिथून खाली शहरात सोडावं लागलं. आमच्या वाड्यातले सगळे अँटेना नैर्ऋत्येला, गडाकडे तोंड करून होते. कावळा बसून दांडा फिरला की एक जण कौलांवर, एक जण खिडकीत, एक जण संचासमोर. “आलं का?” “मुंग्या आहेत अजून!” “आता?” “थांब, थांब, हलवू नकोस!”

एकच वाहिनी आणि संध्याकाळचे काही तास. त्यात कोण कोण बसवायचं? मुंबईत गिरणी कामगार होते, गुजराती व्यापारी होते, इंग्रजी शाळांतली मुलं होती. पुण्याला नाटकाची आणि गाण्याची भूक होती. मनोऱ्याच्या आणि गडाच्या टप्प्यात भिवंडी, पनवेल आणि मावळातले शेतकरीही होते. केंद्रानं आठवडा घेतला आणि शेताची वाटणी करावी तसा तो वाटून दिला.

शेतकऱ्यांना ‘आमची माती आमची माणसं’, कामगारांना ‘कामगार विश्व’, तरुणांना ‘युवदर्शन’, घर सांभाळणाऱ्या बाईला ‘सुंदर माझं घर’. नाटकवाल्यांसाठी ‘नाट्यावलोकन’, त्यात सुरेश खरे नव्या नाटकांबद्दल बोलत. साहित्यासाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’. गाण्यासाठी अरुण काकतकरांचं ‘शब्दांच्या पलीकडले’. गुरुवारी हिंदी गाण्यांचं ‘छायागीत’, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. साबिरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ इंग्रजीतून, तबस्सुमचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हिंदीतून. आणि मुलांच्या वाट्याला जे आलं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं : मराठीत ‘किलबिल’, गुजरातीत ‘संताकूकडी’, हिंदीत ‘खेल खिलौने’, इंग्रजीत ‘मॅजिक लॅम्प’. चार भाषांतली मुलं, प्रत्येकाला आपला कोपरा. आम्ही चारही पाहायचो. ‘संताकूकडी’ म्हणजे लपंडाव, हे मला कुणी शिकवलं नाही, बघता बघता कळलं.

या वाटणीचा खरा गुण इथेच होता. वाटा एकाचा असायचा, पण पाहायचे सगळे, कारण दुसरं काही लागलेलंच नसे. आमच्या वाड्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तरी उसावरची कीड, द्राक्षावरचा भुरी रोग आणि शेणखत कुजवण्याची रीत हे शब्द आम्हा पोरांच्या तोंडात होते. समोरच्या खोलीतले टपाल खात्यातले काका ‘आमची माती’ लागली की बायकोला हाक मारायचे, “अहो, या लवकर, तुमच्या माहेरचं चाललंय!” त्यांचं सासर जुन्नरकडे द्राक्षाच्या बागांत होतं. काकू पदराला हात पुसत यायच्या, दारातच उभ्या राहायच्या, आणि शेतकरी बोलू लागला की त्याच्या बोलीवरून तो कुठल्या बाजूचा ते सांगायच्या. पडद्यावर त्यांच्यासारखं बोलणारा माणूस दिसतो आहे, त्याला कुणी मध्ये तोडत नाही, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

कागदावर या आठवड्याला नाव होतं ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’. कोणत्या वारी, किती वाजता, कोणता कार्यक्रम, हे त्यात पक्कं असे. निर्मात्याला काय बसवायचं याची मोकळीक होती, चौकटीची नव्हती. रोजचं काम मग ‘क्यू शीट’वर चाले : मिनिटाबरोबर सेकंदही लिहिलेले, फिल्म कोणती, टेप कोणती, निवेदिका केव्हा पडद्यावर. बाहेरचं चित्रण १६ मिलीमीटर फिल्मवर व्हायचं. फिल्म धुवायची, कापायची, जोडायची, मग टेलिसिने यंत्रावर चढवायची. शेतातून संध्याकाळपर्यंत आणलेली फिल्म रात्री दाखवायची म्हणजे धावपळच. ड्युटी ऑफिसर वहीत नोंद करत बसायचा, कुठला कार्यक्रम केव्हा सुरू झाला, कुठे अडला. अडलं की ‘व्यत्यय’ची पाटी, आणि पाटी लांबली की आणखी एखादं गाणं. बातम्या थेट, निवेदन थेट. चुकलं तर चुकलेलंच घरोघर जायचं, म्हणून त्या माणसांच्या आवाजात एक सावधपणा होता. डॉ. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे, आणि सुरुवातीच्या काळात बातम्या वाचणारी तरुण स्मिता पाटील. शब्द स्वच्छ, गती सावकाश. ‘सातच्या बातम्या’ हा आमच्याकडे वेळ सांगायचा शब्द झाला होता : दिवाबत्ती बातम्यांच्या आधी, जेवण नंतर.

‘गजरा’बद्दल थोडं थांबून लिहायला हवं. विनायक चासकर त्याचे निर्माते. छोटी छोटी प्रहसनं एका दोऱ्यात ओवलेली, म्हणून हे नाव. रंगभूमीवर धडपडणारी मुलं तिथे यायची, तालमी करून जायची, आणि दुसऱ्या दिवशी लोकल गाडीत ओळखली जायची. एकांकिका स्पर्धेच्या बाहेर ज्यांना कुणी पाहिलं नव्हतं ती माणसं घरात शिरली. याच केंद्रानं पुढे चिं. वि. जोशींचा चिमणराव उभा केला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुस्तकातला बावळट सोज्वळ कारकून सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरोघरी बोलता झाला. ते मालिकांचं युग येण्याच्या कितीतरी आधीचं काम आहे आणि आजही त्याच्या जवळ जाणारं फार थोडं दिसतं.

आणि ‘ज्ञानदीप’. आकाशानंद यांच्या या कार्यक्रमानं वेगळंच घडवलं. प्रेक्षकांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली. कार्यक्रम पाहायचा, त्यावर बोलायचं, पत्र लिहायचं, आणि मग आपल्या वस्तीत काहीतरी करायचं. दिल्लीतल्या टेलिक्लबांना सरकारनं संच देऊन बसवलं होतं. इथे माणसं आपणहून जमली. दूरचित्रवाणीनं माणसांना घरात कोंडलं असं आपण सहज म्हणतो. मुंबई केंद्राच्या एका कार्यक्रमानं त्यांना घराबाहेर काढून एकत्र बसवलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. रंग आले, त्याच वर्षी एशियाड आलं, आणि रात्रीचा मुख्य वेळ दिल्लीकडे गेला. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ लागलं. मीही ते आवडीनं पाहिलं. पण मुंबईच्या हातात उरला तो संध्याकाळचा आखूड तुकडा, आणि एवढी भावंडं त्यात मावणं कठीणच होतं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज इथे एक लहान ट्रान्समीटर १९७५ पासून खेड्यांसाठी खेड्यांतल्याच माणसांना घेऊन कार्यक्रम करत होता. त्याला १९८४ मध्ये युनेस्कोचा सन्मान मिळाला आणि १९८५ मध्ये तो बंद झाला. स्थानिक प्रेक्षकाचा वेळ एकदा काढून घेतला की तो परत देणं अवघड असतं. मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी १९९४ साली आली, २००० साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं. तोवर खासगी वाहिन्या घरात आल्या होत्या आणि एका पडद्याची वाटणी करण्याचं कारणच उरलं नव्हतं.

गुरुग्रामला हा स्थानिक वेळ आज दुसऱ्याच यंत्रावर भेटतो. ‘गुडगाव की आवाज’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र, १०७.८ एफएम, २००९ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. ‘द रिस्टोरिंग फोर्स’ ही संस्था ते चालवते. स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढायची मुभा २००६ च्या धोरणानं दिली. प्रक्षेपणाची ताकद सहसा १०० वॅटपर्यंतच ठेवायची असते, त्यामुळे आवाज काही किलोमीटरच जातो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण हरियाणवी रागिणी लागते, भोजपुरी, बुंदेली, गढवाली लोकगीतं लागतात, कारण डुंडाहेडा, मुल्लाहेडा अशा गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत राहून उद्योग विहारच्या कारखान्यांत शिवणकाम करणारी माणसं तिकडूनच आलेली आहेत. इथला मूळ गावकरी आणि बिहारहून आलेला कारागीर एकाच लहरीवर एकमेकांचं गाणं ऐकतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रिक्षात होतो. रागिणी संपली, पाठोपाठ एक भोजपुरी गाणं लागलं, आणि चालकानं आवाज वाढवला. मला ‘किलबिल’नंतरची ‘संताकूकडी’ आठवली.

आईसाठी मी डीडी फ्री डिशचा डबा बसवून घेतला. सह्याद्री त्यावर येते. या वर्षीचं कालनिर्णय बहिणीनं पुण्याहून कुरिअरनं पाठवलं, ते तिच्या पलंगाशेजारी टांगलं आहे. दुधाचा हिशेब आता फोनवर असतो, त्यामुळे चौकोन रिकामे होते. मागच्या रविवारी पाहिलं तर तिनं थरथरत्या अक्षरात सात वारांपैकी चार भरले होते. मी कुठून कळलं म्हणून विचारलं. “कळलं कुठून म्हणजे? आठवडाभर पाहिलं,” ती म्हणाली, आणि पेन्सिल कॅलेंडरच्या दोऱ्यात परत खोचून ठेवली.