पस्तीसवर धरलेलं पाणी

खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घरच्या सागरी मत्स्यटँकमधल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण अलगद खाली आणायचं, आत बुडबुडा अडकला नाही ना बघायचं. थोडं थांबलं की थेंबाचं आणि यंत्राचं तापमान जुळतं. मग उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. निळा नि पांढरा रंग जिथे भेटतो ती रेघ 35 वर हवी, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार. यंत्र आधी 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावून घेतलेलं बरं. बरीच स्वस्त यंत्रं निव्वळ मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात, ती समुद्राचं पाणी दीडेक अंकाने जास्त खारं दाखवतात.

माझ्या टँकमध्ये मऊ प्रवाळ आहेत: झोआंथिड, मशरूम, लेदर. दगडी प्रवाळ सगळेच्या सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरात आणायचे नाहीत. दुकानदार काहीही सांगो.

मी वसईत राहतो. अर्नाळा, राजोडी, सुरुचीबाग, समुद्र हाकेच्या अंतरावर. तरी तिथलं पाणी मी आणत नाही. वैतरणा आणि वसईच्या खाडीतून येणारा गाळ नि सांडपाणी त्यात मिसळतं, पावसाळ्यात तर त्याचा खारेपणा पार उतरतो. म्हणून गोडं पाणी घ्यायचं आणि त्यात मरीन सॉल्ट विरघळवायचं. पण वसईत गोडं पाणी हाच मोठा प्रश्न. नळाला सूर्या धरणाचं पाणी आलं तर ठीक, नाहीतर टँकर, नाहीतर बोअर. आणि पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी उपशाने मचूळ झाल्यात. त्यामुळे सगळं पाणी आरओ आणि डीआय फिल्टरमधून काढायचं, विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत.

स्वयंपाकाचं मीठ का चालत नाही, हे नायगाव-जूचंद्रच्या मिठागरांकडे बघून नीट कळतं. खाडीचं पाणी घनतेच्या मापाने साधारण तीन डिग्री बॉमेचं असतं; उन्हात आटत ते पंचविशीच्या पुढे गेलं की मीठ धरू लागतं. तोवर बरंचसं कॅल्शियम जिप्समच्या रूपाने मागच्या कोंड्यांत बसलेलं असतं. आणि मीठ काढल्यावर जे कडू पाणी सोडून देतात, त्यात मॅग्नेशियम निघून जातं. म्हणजे चांगल्या मिठासाठी आगरी माणूस जे वेगळं काढतो, नेमकं तेच माझ्या शंखांना नि दगडावरच्या गुलाबी शेवाळाला हवं असतं: लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, 1300 च्या आसपास मॅग्नेशियम.

एकदा पाणी जमलं की खरं काम सुरू होतं. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. शंभर लिटरच्या टँकमधून तीन लिटर उडाले की 35 चे 36 झाले. त्यामुळे कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरायचं, आणि रोज. मे महिन्यात टँक थंड ठेवायला वर पंखा लावावा लागतो, तेव्हा पातळी दिवसाढवळ्या खाली जाते. जुलैत दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, आणि म्हणून पंख्याने फारसं गारही होत नाही.

फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप मात्र फसवतो. त्यात जमलेलं काळपट पाणी टँकमधलंच, तितकंच खारं. ते ओतून दिलं आणि पातळी गोड्या पाण्याने भरली, तर खारेपणा महिन्याभरात गुपचूप उतरतो. काठावर साचणारा मिठाचा पापुद्रा, हीही अशीच गळती. म्हणून पातळी बरोबर दिसली तरी रेघ बघायचीच.

फ्लोटवर चालणारं आपोआप भरण्याचं यंत्र सोयीचं आहे, पण त्याचा गोड्या पाण्याचा डबा मी लहानच ठेवतो. फ्लोट अडकलाच तरी चारेक लिटरच आत जातील. वीज जाईल हे तर गृहीतच धरायचं. जुलै 2018 च्या पुराने वसई-विरारला अंधारात ठेवलं होतं. बॅटरीवरचा एअरपंप टँकच्या शेजारीच असावा.

खारेपणा चुकलाच, तर तो झटक्यात दुरुस्त करू नये. मासे अंगातले क्षार स्वतः सांभाळतात, थोडं निभावून नेतात. शंख, तारामासा, प्रवाळ यांना ते जमत नाही. बाहेरचं पाणी जसं, तसं त्यांच्या अंगातलं होतं. दिवसाला एका अंकापेक्षा जास्त हलवायचं नाही, मग 35 वर यायला आठवडा लागला तरी चालेल.