तेजोमेघाचा खरा रंग : आधी वजाबाकी, मग गुणाकार

गेल्या हिवाळ्यात अकरावीतला एक विद्यार्थी एक छायाचित्र घेऊन माझ्याकडे आला. घराच्या गच्चीवर तिवई लावून त्याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाची पुष्कळशी छायाचित्रे घेतली होती आणि संगणकावर ती एकावर एक रचून त्यांचे एक चित्र केले होते. तेजोमेघ दिसत होता, पण सारे आकाश चहाच्या पाण्यासारखे नारिंगी झाले होते.

"सर, ही झाक कशी घालवायची?" त्याने विचारले.

"अरे, सोपे आहे. लाल कमी कर आणि निळा वाढव," मी सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. आकाश आता छान करडे झाले होते, पण तेजोमेघही करडा पडला होता! माझा सल्ला चुकला होता. तो कोठे चुकला हे शोधताना आम्हा दोघांना जे उमगले, ते विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही उपयोगी पडेल.

तेजोमेघाला रंग कोठून येतो?

मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्या थोडे दक्षिणेस हा तेजोमेघ आहे. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पोटातील अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तेथील वायूंच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुन्हा अणूत परतताना हायड्रोजन ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देतो : ६५६.३ नॅनोमीटरचा लाल आणि ४८६.१ नॅनोमीटरचा निळसर. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश देतो. म्हणजे तेजोमेघाचा रंग ही तेथील वायूंची सहीच होय. झाक घालवताना ही सही पुसली जाता कामा नये.

झाक दोन प्रकारची

समजा, तुम्ही किटली घेऊन तेल आणायला गेलात. दुकानदार आधी रिकाम्या किटलीचा धडा करतो, कारण किटलीचे वजन तेलाच्या वजनात मिळते. ही झाली एक चूक, ती वजाबाकीने सुटते. पण दुकानदाराचे किलोचे वजनच नऊशे ग्रॅमचे असेल तर? मग प्रत्येक मापात त्याच प्रमाणात खोट येईल. ती काढायला गुणाकारच हवा.

छायाचित्रातही असेच घडते. रस्त्यावरील दिव्यांचा प्रकाश हवेतील धूळ व रेणूंवरून विखुरतो आणि तेजोमेघाच्या प्रकाशात मिसळतो. सोडियमचे दिवे असतील तर झाक पिवळी-नारिंगी येते. पांढऱ्या एलईडी दिव्यांमुळे ती वेगळी, अधिक निळसर असते. ही आहे किटली. याउलट, कॅमेऱ्याची लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांबाबतची संवेदनक्षमता सारखी नसते, आणि वातावरण निळा प्रकाश जास्त अडवते. ही आहेत खोटी वजने.

माझी चूक आता तुमच्या ध्यानात आली असेल. किटलीचे वजन मी गुणाकाराने काढायला निघालो होतो!

आकड्यांनी पाहू

उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. रिकाम्या आकाशाची नोंद लाल १२०, हिरवा ९०, निळा ५० अशी आहे. तेजोमेघावर तीच नोंद १८०, १२०, ८० आहे.

प्रथम माझी चुकीची रीत. आकाश करडे व्हावे म्हणून तिन्ही रंग ९० वर आणले. म्हणजे लालला १२० ने भागून ९० ने गुणले आणि निळ्याला ५० ने भागून ९० ने गुणले. तेजोमेघ झाला १३५, १२०, १४४. लाल तेजोमेघात निळा सर्वांत जास्त! हाच तो जांभळट करडा रंग.

आता वजाबाकी करा. १८० वजा १२०, १२० वजा ९०, ८० वजा ५०. उरले ६०, ३०, ३०. तेजोमेघ पुन्हा लाल झाला.

यानंतर गुणाकाराची पाळी. त्यासाठी चित्रातील सूर्यासारखा एखादा तारा घ्यावा, कारण सूर्यप्रकाश आपण पांढरा मानतो. समजा, आकाश वजा केल्यावर त्या ताऱ्याची नोंद २००, २४०, १६० आली. तिन्ही आकडे २४० व्हायला लालला १.२ ने आणि निळ्याला १.५ ने गुणावे लागेल. त्याच गुणकांनी तेजोमेघ होतो ७२, ३०, ४५, म्हणजे गुलाबीसर लाल. हायड्रोजनचा लाल आणि निळसर प्रकाश मिसळल्यावर असाच रंग यायला हवा. आजच्या संगणक-प्रणाली एका ताऱ्यावर न थांबता चित्रातील अनेक ताऱ्यांची तुलना गाया या युरोपीय अंतराळयानाने नोंदलेल्या रंगांशी करतात. तत्त्व मात्र हेच.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, हे सर्व कॅमेऱ्याच्या 'रॉ' नोंदीवर करावे. नेहमीच्या जेपेग चित्रात कॅमेऱ्याने आकडे आधीच वाकवलेले असतात. त्यावर सरळ वजाबाकी लागू पडत नाही. दुसरे, 'रिकामे' आकाश खरोखर रिकामे असावे. मृगात अंधुक वायू दूरवर पसरलेला आहे. तोच जर आकाश समजून वजा केला, तर किटलीबरोबर थोडे तेलही गेले! शिवाय क्षितिजाकडे उजेड जास्त असतो. म्हणून एकच आकडा पुरत नाही, जागोजागी नमुने घ्यावे लागतात.

हिरव्याचे काय?

कॅमेऱ्याच्या संवेदकावर दर चार घरांपैकी दोन हिरवी, एक लाल आणि एक निळे असते. कच्च्या चित्रावर बहुधा हिरवी झाक येते, पण ती घरांच्या संख्येमुळे नव्हे, तर हिरव्या रंगाबाबतची संवेदनक्षमता जास्त असल्यामुळे. हिरवे तारे दिसले तर झाक आहे असे खुशाल समजावे. तप्त ताऱ्याचा वर्णपट इतका रुंद असतो की तो हिरव्यात सर्वाधिक तेजस्वी असला तरी लाल-निळा पुरेसा मिसळून तारा पांढराच दिसतो.

म्हणून काहीजण संगणकावर 'हिरवा काढा' हे बटण दाबून मोकळे होतात. तेजोमेघाच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. २९ ऑगस्ट १८६४ रोजी इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता त्यांना मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांत हिरवी प्रमुख होती. तेजोमेघ वायूचा असल्याचा तो पुरावा होता. ती रेषा पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचीच आहे. सरसकट हिरवा पुसणारा हाच पुरावा पुसून टाकतो.

जे परत येत नाही

गणिताला मर्यादाही आहेत. साध्या कॅमेऱ्यातील गाळणी ६५६.३ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश अडवते. तारे पांढरे केल्याने त्या एका रेषेची तूट भरून येत नाही. तसेच दिव्यांचा उजेड वजा झाला, तरी त्याची चलबिचल मागे राहते. सरासरी १०० प्रकाशकण येत असतील, तर ती संख्या सुमारे १० ने वरखाली होते. चित्रातील खरखरीत दाणे यामुळेच दिसतात. म्हणून अंधाऱ्या आकाशाला पर्याय नाही.

आता एक प्रयोग करा. पिवळ्या दिव्याखाली पांढऱ्या कागदाचे छायाचित्र घ्या. मग खिडकीच्या काचेतून बाहेरचे असे छायाचित्र घ्या की ज्यात खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंबही येईल. कोणती झाक गुणाकाराने जाईल आणि कोणती वजाबाकीने? उत्तर आधी वहीत लिहा, आणि मगच संगणकाला हात लावा. आमच्या विद्यार्थ्याने तसेच केले. त्याच्या चित्रातील तेजोमेघ आता गुलाबीसर लाल आहे, आणि तो तसा का आहे हे त्याला सांगता येते.