विचारा, आणि सांगाही!

मूल दवाखान्यात दाखल झालं की रात्रंदिवस खाटेशी बसते ती आई. पण डॉक्टर राउंडला आले की बोलतात घरातले पुरुष. ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं?’ म्हणत मागे सरणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्यात. मैत्रिणींनो, असं मागे राहू नका.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. आजार कोणता, उपचारात धोका किती, खर्च अंदाजे किती, हे आपल्याला समजेल अशा भाषेत विचारायचा हक्क आपल्याला आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर समजून घेतल्याशिवाय सही नको. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवंय? केसपेपरच्या प्रती मागा. सनदेनुसार त्या दाखल असताना २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत मिळायला हव्यात. बिलावरून वाद झाला, तरी मुलाला अडकवून ठेवता येत नाही.

पण आपली बाजूही चोख हवी ना! आधी दिलेली औषधं, अ‍ॅलर्जी, पूर्वी आलेली फीट, अगदी आजीने पाजलेला काढासुद्धा न लपवता सांगा. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. घरचा डबा विचारूनच भरवा. सलाईनचा वेग स्वतः वाढवू नका. मुलाला घेण्याआधी हात धुवा, आणि वॉर्डात नातेवाइकांची जत्रा नको.

उशाशी एक छोटी वही ठेवा. ताप किती, लघवी कितीदा, औषध कधी दिलं, मनातले प्रश्न कोणते, सगळं लिहा. रात्रभर जागलेल्या आईइतकं मुलाबद्दल दुसरं कोण सांगू शकणार?