'छातीत कसंतरी होतंय' म्हणजे नेमकं कुठे?

पहाटे लिंबागणेशच्या रस्त्यावर पोलीस भरतीच्या तयारीची पोरं धावत असतात. त्यांच्या तोंडी 'चेस्ट नंबर' हा शब्द रुळलेला आहे. मैदानी चाचणीच्या वेळी छातीवर लावायचा तो क्रमांक. शिपाई व्हायचं तर मुलाची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर वाढावी लागते. मुलींची छाती मोजत नाहीत. चेस्ट नंबर मात्र त्यांनाही मिळतो आणि त्या तो न लाजता सांगतात. 'छातीचा नंबर' असं कुणी म्हणून पाहावं!

हा 'चेस्ट' मुळात शरीराचा शब्दच नव्हे. ग्रीक 'किस्टे', लॅटिन 'सिस्टा' म्हणजे टोपली किंवा पेटी. सोळाव्या शतकात इंग्रजांनी हे नाव बरगड्यांच्या पेटीला दिलं. जुना अर्थ बँकांच्या 'करन्सी चेस्ट'मध्ये टिकून आहे. पाण्याची टाकी, 'सिस्टर्न', ही याच घराण्यातली. पण सारखे दिसणारे सगळे सोयरे नसतात. 'चेस्टनट' ग्रीक 'कास्टानिया'वरून आला, डॉक्टरांची 'सिस्ट' पिशवी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, तर बुद्धिबळाचा 'चेस' थेट फारसी 'शाह'पर्यंत पोचतो. शीलवान या अर्थाचा 'चेस्ट' देवनागरीत हुबेहूब तसाच लिहावा लागतो, पण त्याचं मूळ लॅटिन 'कास्टुस'.

आपल्याकडेही अशी फसगत होते. 'ऊर' म्हणजे छाती, 'ऊरु' म्हणजे मांडी. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधनाची मांडी फुटते. 'उरग' म्हणजे साप, कारण तो उरावर सरपटतो. 'उरूस' मात्र अरबी, त्याचा उराशी काही संबंध नाही.

मराठीने छाती आणि ऊर यांच्यात कामाची वाटणी केलेली दिसते. धाडसाला छाती लागते. छातीठोक बोलणं, छातीचा कोट करणं, एखाद्या गोष्टीची छाती न होणं. भावना उराकडे. ऊर भरून येतो, लेकराला उराशी धरतात, मयताला ऊर बडवतात. पोरं धावतात तीही ऊर फुटेस्तोवर. आणि काळजाची तर कमालच! मनाने ते हृदय, पण खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृत.

इतकी श्रीमंती असून एका जागी भाषा मुकी होते. संस्कृत 'स्तना'वरून मराठीत सरळ 'थान' आला, जसा 'स्थाना'वरून 'ठाण'. आमच्या आज्या तो बिनदिक्कत वापरत. पुढे शिकलेल्यांना तो गावंढळ वाटू लागला. 'स्तन' सरकारी भित्तिपत्रकावर गेला आणि तिथेच राहिला. बाईला अंगावरचं दूध, अंगावर पाजणं असे आडून जाणारे शब्द उरले. दुखण्यासाठी उरली फक्त छाती. इंग्रजीत 'ब्रेस्ट' हा शब्द पूर्वी पुरुषाच्या छातीलाही चाले, आता वैद्यकात चेस्ट आणि ब्रेस्ट अगदी वेगळे. आपल्या एका छातीत ते दोन्ही कोंबलेले आहेत.

माझ्या चुलतीने एका दवाखान्यात "छातीत कसंतरी होतंय" एवढंच सांगितलं. केसपेपरवर 'चेस्ट पेन' लिहिलं गेलं. कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन ती परतली. पुढे चार महिन्यांनी तिचा हात मोडला, सून अंघोळ घालायला लागली आणि गाठ सुनेच्या हाताला लागली. चुलतीचा शब्द चुकला नव्हता. तो इंग्रजीत लिहिणाऱ्याचाही, शब्दकोशाप्रमाणे, चुकला नव्हता.

अशा संकोचातून एकदा एक उपकरण जन्माला आलं होतं. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं. त्याने कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ठोके ऐकले. 'स्टेथॉस' म्हणजे छाती, त्यावरून स्टेथोस्कोप. त्याची अडचण वस्तूने सुटली. आपली अडचण शब्दाची आहे.

चुलतीला पुढे दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. तिथल्या वयस्कर नर्सबाईंनी छाती, स्तन, ब्रेस्ट यांतला एकही शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, लेकराला पाजायच्या जागी का?" चुलती लगेच म्हणाली, "हां, डाव्या अंगाला."